बाक सोडू नकोस

प्रिय पोरी,
सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या दारातच मला गाठून तू म्हणालीस, "काका, मी आता यायची नाही." क्वायरमधल्या त्या मुलाने आपण समलिंगी असल्याचं तरुण संघात सांगितलं आणि आठवड्यात त्याला 'सध्या गाऊ नकोस' असा निरोप गेला. तुझा संताप रास्त आहे, त्यावर मी शाई खर्च करत नाही. पण बाक सोडू नकोस.

मी सोडलं होतं. तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या गावच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, आमच्या पेटीवाल्याविषयी अशीच कुजबुज सुरू झाली. कमिटीत विषय निघताच मी राजीनामा दिला आणि ताठ मानेने घरी आलो. पुढच्या सभेत त्याच्या बाजूने बोलायला एकही माणूस नव्हता. महिन्याभरात त्याने गाव सोडलं. तो चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

"ही म्हातारी माणसं गेली की सगळं बदलेल," असं तू म्हणालीस. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, पोरी. आणि ज्या आजी आज क्वायरमधल्या त्या मुलाला पाहून तोंड फिरवतात, त्यांनीच संडे स्कूलमध्ये त्याच्याकडून वचनं पाठ करून घेतली. त्यांना बायबलमधल्या लेवीय आणि रोमकरांस पत्रातल्या समलिंगी संबंधांविरुद्धच्या ओळी शिकवल्या गेल्या. बायबलमधली कूशी, म्हणजे इथिओपियाच्या, षंढाची गोष्टही त्या शंभर वेळा ऐकून आहेत, पण जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात अशा माणसाला मंडळीत यायची मनाई होती, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्या षंढाने विचारलं, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाने त्याला पाण्यात नेलं. षंढ आणि समलिंगी एक नव्हेत, कळतं मला. पण दाराशी अडवलेल्याचा प्रश्न तोच आहे. हे त्या आजींना तू सांग, शेजारी बसून. मोबाइलवर उपासना ऐकून ते होणार नाही!

अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने १९७२ मध्ये आपल्या नियमपुस्तकात लिहिलं की समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत आहे. ते वाक्य निघालं २०२४ मध्ये, शार्लट शहरातल्या महासभेत. तिथेच समलिंगी पाळकांवरची बंदी उठवायला ६९२ मतं पडली, विरोधात ५१. आधीच्या चार-पाच वर्षांत तिथल्या साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या बाहेर पडल्या होत्या, बहुतेक बंदी हवी असणाऱ्या. त्या फुटीचं मला दुःखच आहे. पण बाक सोडणाऱ्याचं मत कोणी मोजत नाही, हे त्यातून बघ. उरलेले लोक बावन्न वर्षं ते वाक्य सोसत आत बसले होते.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा डाग पुसला. आपल्या कमिटीत त्याचा उच्चारही झाला नाही. मी विषय काढला, तेव्हा प्रार्थना करून सभा आटोपली. मग वीस वर्षं इथे बसून तुम्ही काय केलंत, असं तू विचारशील. थोडंच केलं. पण गेल्या बुधवारी रात्री त्या मुलाच्या आईने माझं दार वाजवलं. मी मंडळीबाहेर असतो तर ती कोणाकडे गेली असती? हे मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणतोय असं वाटलं तर वाटू दे.

वार्षिक सभेत नवी कमिटी निवडायची आहे. तुझं दृढीकरण (कन्फर्मेशन) झालंय, पण सभासद यादीत नाव आहे का ते पाळकसाहेबांकडे जाऊन बघ. नसेल तर याच आठवड्यात घाल. आणि रविवारी त्या मुलाला घरून घेऊन ये. डावीकडचं तिसरं बाक. त्याच्या एका बाजूला मी बसेन.

तुझा काका