दादाने दिलेला वकील

"मॅडम, वकिलाच्या फीला पैसे कुठून आणू?" घटस्फोटापर्यंत आलेल्या बायका माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा नवऱ्याबद्दल बोलण्याआधी हेच विचारतात. इतक्या जणींकडून हे ऐकलंय, की त्यातल्या एकीची गोष्ट सांगावीशी वाटते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वैशालीचं सासर हडपसरला, माहेर इंदापूर तालुक्यात. दुसरीतल्या मुलीला घेऊन ती माहेरी आलेली. फीची काळजी तिला नव्हती, भावाने वकील दिला होता. तिला झोप लागत नव्हती, म्हणून आली होती.

"केस कुठवर आली?"

"दादाला माहीत."

"कागदात काय लिहिलंय?"

"परस्पर संमतीने घटस्फोट. पोटगी घ्यायची नाही. दादा म्हणतो, त्यांच्या दारात एक रुपया मागायचा नाही. सोमवारी सही आहे."

"वकिलांचा फोन तुम्हाला येतो का?"

"नाही, दादालाच. फी तो देतोय ना."

भाऊ वाईट नव्हता, बहिणीसाठी जीव टाकणारा होता. पण ज्याची फी त्याचा वकील, हे मी अनेक घरांत पाहिलंय. बाईच्या संसाराचा निर्णय भाऊ, वडील, मेहुणे घेतात आणि बाई फक्त सही करते. मी समुपदेशनात उत्तर पुढे सरकवत नाही. माणसाला आपली वाट ठाऊक असते, ती बोलायला जागा लागते, असं मी मानते. म्हणून वैशालीपुढे कोरा कागद ठेवला. "घटस्फोटानंतर काय काय हवंय, ते लिहा. दादाचं नको, तुमचं."

बराच वेळ पेन हलेना. मग तिने लिहिलं: परीची शाळा. त्याखाली शाळेची वर्षाची फी, रिक्षाचे पैसे, दप्तर-वह्या. मग माझे दागिने. मग, परीला बाबा भेटायला हवेत. सगळ्यात खाली बारीक अक्षरात, शिवणाचा क्लास. तिने ते सगळं पुन्हा वाचलं आणि मान वर करून म्हणाली, "मॅडम, स्वाभिमान दादाचा आहे. परीची फी मला भरायचीय."

मी त्यावर काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, हे इतक्या वर्षांत मला नीट जमलंय. पुढचं वाक्य तिचंच होतं: "पण मग वकील कुठून आणू?"

याचं उत्तर पक्कं आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणारी, माहेर सधन असलेली बाईसुद्धा अर्ज करू शकते. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. 15100 या हेल्पलाइनवरही विचारता येतं. वकिलाचं मानधन प्राधिकरण देतं. वकिलाने तुमच्याकडे वर पैसे मागितले, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. वकील लक्ष देत नसेल, तर बदलून मागा. महाराष्ट्रात 1994 पासून घटस्फोट, पोटगी, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फीही माफ आहे. हिंदू विवाह कायद्याखाली केस चालू असताना नवऱ्याकडून केसचा खर्च आणि अंतरिम पोटगी मागता येते, कलम 24 त्यासाठीच आहे. मारहाण असेल किंवा घराबाहेर काढलं असेल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. तो कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे.

"फुकटचा वकील कामाचा असतो का?" वैशालीनेही विचारलं. वकील फीचा असो वा मोफत, चांगला आणि सुमार दोन्ही भेटतात. तयारीने जाणाऱ्या बाईचं काम मात्र कुठल्याही वकिलाकडे नीट होतं. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, आधार, मुलांचे जन्मदाखले, नवऱ्याच्या पगाराचा जो मिळेल तो कागद, दागिन्यांच्या पावत्या आणि तारखा घातलेली एका पानाची हकीकत, एवढं जवळ ठेवा. रडून सांगितलेल्या तासाभरापेक्षा ते एक पान वकिलाला जास्त उपयोगी पडतं.

वैशालीने सोमवारची सही थांबवली. दादा आठवडाभर रुसला. विधी सेवेतून मिळालेल्या वकीलबाईंनी मसुदा नव्याने लिहिला. मुलीची पोटगी हा मुलीचा हक्क आहे, आईने नको म्हटलं म्हणून तो संपत नाही, हे त्यांनी दादालाही समोर बसवून सांगितलं. घटस्फोट परस्पर संमतीनेच झाला. त्यात परीसाठी दरमहा रक्कम, दागिन्यांची यादी आणि रविवारची भेट होती. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात तारखेला दादाच तिला गाडीवरून आणायचा, पण आत वकिलांशी ती बोलायची.

तुम्हाला माहेरच्यांनी वकील दिला असेल, तर तो लगेच बदला असं मी म्हणत नाही. फक्त कुठलीही सही करण्याआधी अख्खा कागद मराठीत समजावून मागा, त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि वकिलांकडे फोन नंबर तुमचा द्या.