पाक मोठ्यांचा, लाडू मुलांचा

श्रावणापासून संक्रांतीपर्यंत येणाऱ्या प्रश्नांचा सूर एकच असतो: मुलांना गोडधोड करायला सोबत घ्यायचंय, पण भाजण्याची भीती वाटते. माझा साधा हिशेब असा, की पदार्थ निवडताना त्यातलं गॅसचं काम आधीच उरकतं का, ते बघायचं. उरकत असेल तर पुढचं सगळं मुलांच्या हाती देता येतं.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. दिवाळीचे लाडू तिच्यासोबत करायचे आहेत. रव्याचे करू की बेसनाचे? (डोंबिवली)

बेसनाचे. पाकातल्या रव्याच्या लाडवांचं मिश्रण आळायला लागलं की भराभर वळावं लागतं, उशीर झाला की कोरडं पडतं. चार वर्षांच्या मुलीला घाई कर म्हणून काय उपयोग? शिवाय एकतारी पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि हातावर उडाला तर तिथेच चिकटून बसतो.

2 वाट्या जाडसर बेसन पाऊण वाटी तुपात मंद आचेवर भाजा. 20-25 मिनिटं तरी लागतात, इथे कंटाळा करू नका. खमंग वास सुटला, पीठ हलकं झालं की दुधाचा हबका मारा. पीठ फसफसून वर येतं ते मुलीला लांबून बघू दे, हबका मात्र तुम्हीच मारा. मग परातीत काढून पूर्ण निवू द्या. गरम पिठात पिठीसाखर पडली की मिश्रण पातळ होतं.

आता परात जमिनीवर ठेवा आणि तिच्या स्वाधीन करा. सव्वा वाटी पिठीसाखर तिलाच चाळू दे, वेलचीपूड घालू दे, मळू दे. मुलं लाडू एकदम दोन्ही तळव्यांत गोल फिरवायला जातात आणि तो फुटतो. आधी एकाच मुठीत तीन-चारदा घट्ट दाबायचा, बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, आणि मगच गोल फिरवायचा. तरीही बसत नसेल तर चमचाभर पातळ तूप घाला. आकार सुपारीएवढाच ठेवा, मोठा लाडू त्या मुठीत मावत नाही.

प्रश्न : सहा वर्षांच्या नातवाला उकडीचे मोदक करायचेत. साचा वापरायला माझं मन घेत नाही. आणि नैवेद्याआधी हा बोटं चाटतोच, त्याचं काय? (रत्नागिरी)

आजी, नैवेद्याचे 21 तुम्ही आधी करून बाजूला ठेवा. नंतर त्याने किती का बोटं चाटेना.

साच्याबद्दल मन मोठं करा. कळ्या पाडायला बोटांत जी नजाकत लागते ती सहाव्या वर्षी कुठून येणार? उकड तुम्हीच काढा (तांदळाच्या पिठाइतकंच पाणी, चिमूट मीठ, चमचाभर तूप) आणि गरम असतानाच मळूनही तुम्हीच द्या. कोमट झाली की त्याची पाळी. साच्याला तूप लावायचं, उकडीचा गोळा आत घालून अंगठ्याने चारही बाजूंना चेपायचा, मधे खड्डा ठेवायचा. त्यात सारण भरायचं आणि वरून उकडीची टिकली लावून तोंड बंद. सारण ठासून भरलं तर वाफवताना मोदक फुटतो, हे त्याला एकदा फुटलेला मोदक दाखवूनच पटेल.

उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या त्याच्याकडून थापून घ्या. मिरची कमी, जिरं आणि कोथिंबीर जास्त. गोडावर उतारा म्हणून पोरं मिटक्या मारत खातात.

प्रश्न : शाळेत दिवाळीचा खाऊ न्यायचाय, पण वर्गात शेंगदाणे-काजू चालत नाहीत. तिळाची वडी देऊ का? (न्यू जर्सी)

नको. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळही प्रमुख ॲलर्जीच्या पदार्थांत धरले जातात. घरचा पदार्थ मुळात चालतो का, हे आधी शिक्षकांना विचारा. चालत असेल तर भट्टीतल्या शंकरपाळ्या करा. अर्धी वाटी दूध, अर्धी वाटी साखर आणि अर्धी वाटी तूप साखर विरघळेपर्यंत गरम करून निववा, चिमूट मीठ घाला आणि मावेल तेवढ्या मैद्यात घट्ट भिजवा. पोळी जाडसर लाटा. कातणं मुलाच्या हातात द्या, चौकोन तिरके येऊ देत. 170 अंश सेल्सिअसवर 15-20 मिनिटं, कडा बदामी होईपर्यंत. तळलेल्यांची चव येत नाही, हे खरंच. पण उकळत्या तेलाशेजारी मूल उभं करण्यापेक्षा हे परवडलं. दूध आणि गहू आहेत, ही चिठ्ठी डब्यावर लावा.

प्रश्न : करंजीचं कच्चं पीठ मुलगा खातो. चालेल? (सांगली)

नाही. कच्च्या पिठातले जंतू भाजल्या-तळल्याशिवाय मरत नाहीत. सारण खाऊ द्या हवं तेवढं.

प्रश्न : तिळगुळाच्या पाकात दरवर्षी कुणाचा तरी हात भाजतो. पाकाशिवाय होतात का? आणि धाकट्या दहा महिन्यांच्या बाळासाठी गुळाऐवजी मध घालू का? (नाशिक)

आधी बाळाचं: वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटवायलासुद्धा. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळांना गंभीर विषबाधा होऊ शकते.

आता लाडू. 2 वाट्या तीळ भाजून निववा, अर्धे मिक्सरमध्ये थांबून थांबून भरड फिरवा. त्यात 1 वाटी दाण्याचं कूट आणि दीड वाटी किसलेला साधा मऊ गूळ घालून पुन्हा एकदा फिरवा. तिळाचं आणि दाण्याचं तेल सुटतं, मिश्रण आपोआप बांधलं जातं. उरलेले अख्खे तीळ शेवटी मिसळा. चिकीचा गूळ इथे घेऊ नका. कुरकुरीत लाडू हवे असतील तर पाकाला पर्याय नाही, ते मुलं झोपल्यावर करा.

प्रश्न : मोठी आठ वर्षांची, धाकटा तीन. एका परातीवर दोघं भांडतात. (पुणे)

दोन पराती घ्या. मोठीला वाटीने मोजायचं काम द्या, तिथे तिचा मान राहतो. धाकट्याला वेडेवाकडे का होईना, स्वतःचे चार लाडू करू द्या आणि त्याच्यादेखत ते पुन्हा वळू नका. पाहुण्यांपुढे ठेवायचे नसतील तर आधी बाबांच्या डब्यात घाला.