हद्द आणि छताचे पाणी

प्रश्न : सोलापुरातील साखर पेठेत आमचे जुने घर आहे. शेजाऱ्यांनी नवा स्लॅब टाकून पावसाच्या पाण्याचा पाइप आमच्या भिंतीलगत सोडला आहे आणि मधला बोळही ते आपलाच म्हणतात. काय करावे?

उत्तर : आधी हद्द ठरवून घ्या, कारण बोळ कोणाचा हे कळल्याशिवाय पाण्याचा वाद सुटणार नाही. मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) उतारा काढून नगर भूमापन कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि खुणा शेजाऱ्यांसमोरच पडू द्या.

पाण्याबाबत तुमची बाजू भक्कम वाटते. उंच जागेवरून निसर्गतः वाहत येणारे पाणी खालच्या मालकाला अडवता येत नाही. परंतु छतावर गोळा झालेले पाणी पाइपने दुसऱ्याच्या जागेत सोडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, तो संमतीने, किंवा १८८२ च्या सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जागेचा ठरावीक वापर करण्याचा हक्क) कायद्याप्रमाणे २० वर्षांच्या उघड, अखंड आणि हक्क म्हणून केलेल्या वापराने मिळतो. म्हणून लेखी हरकत आताच नोंदवा, ओल चढलेल्या भिंतीची तारखेसह छायाचित्रे ठेवा आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयात तक्रार द्या. पाइप स्वतः मात्र तोडू नका. तसे केल्यास तक्रार तुमच्यावरच उलटेल. एल्बो (पाइपचा वळणाचा तुकडा) बसवून पाणी रस्त्याच्या गटारीकडे वळवता येत असेल, तर निम्मा खर्च देऊनही ते करून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. तेही अमान्य झाल्यास दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येईल.