वाचकांचे प्रश्न : बाटलीतच घट्ट होणारे डोळ्यांचे ड्रॉप्स

प्रश्न : मी बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी डोळ्यात गेल्यावर जेल होणारे ड्रॉप्स करते आहे. पॉलोक्सॅमर ४०७ (गार असताना पातळ, तापल्यावर घट्ट होणारे पॉलिमर) चे २० टक्क्यांचे द्रावण टेबलावरच घट्ट होते, आणि १५ टक्के केले तर टेस्टमध्ये कृत्रिम अश्रू मिसळल्यावर ३४ अंशांनाही पातळच राहते. काय चुकते आहे?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुमच्या हातून फारसे काही चुकलेले नाही. २० टक्क्यांचे द्रावण २५ अंशांच्या आसपास घट्ट होते. डोळ्याचा पृष्ठभाग साधारण ३४ अंशांचा, आणि सांगलीत मे महिन्याच्या दुपारी खोली त्याहून गरम! खोलीत पातळ आणि डोळ्यात घट्ट असे द्रावण या दिवसांत होणारच नाही. बाटली २ ते ८ अंशांना फ्रिजमध्येच ठेवायची, असे प्रोजेक्टमध्ये स्पष्ट लिहा.

१५ टक्क्यांचे कारण वेगळे आहे. तापल्यावर पॉलोक्सॅमरच्या साखळीचा मधला भाग पाणी सोडतो, त्यातून मायसेल नावाचे सूक्ष्म गोळे बनतात आणि ते दाटीवाटीने बसले की जेल होते. दाटीच नसेल तर कितीही तापवा, उपयोग नाही. ४० मायक्रोलिटर द्रावणात ७ मायक्रोलिटर अश्रू मिसळले की २० चे १७ टक्के होतात, पण १५ चे जेमतेम पावणेतेराच उरतात, आणि तेवढ्याने दाटी होत नाही. म्हणून ४०७ चे प्रमाण २० च राहू द्या आणि त्याच कुळातले पॉलोक्सॅमर १८८ एकेक टक्क्याने वाढवत जा. त्याने घट्ट होण्याचे तापमान वर सरकते. दर वेळी अश्रू मिसळून आणि न मिसळता, दोन्ही मोजमापे घ्या. मिठाने हे तापमान खाली येते, त्यामुळे औषध, मीठ, प्रिझर्व्हेटिव्ह सगळे घातल्यावरचाच आकडा खरा.

पावडर ४ अंशांच्या पाण्यात थोडीथोडी भुरभुरवा, हळू ढवळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. घाईने जोरात ढवळले की फेस होतो, कोमट पाण्यात टाकली की गुठळ्या. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतानाही द्रावण गारच हवे, नाहीतर ते फिल्टरमध्येच घट्ट होऊन बसते.

प्रश्न : वडिलांना काचबिंदूसाठी टिमोलॉलचे जेल होणारे ड्रॉप्स दिले आहेत. तेही फ्रिजमध्ये ठेवायचे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बाटलीवर काय लिहिले आहे ते पाहा. त्यात जेलन गम (डिंकासारखा एक पदार्थ) असेल तर ते उष्णतेने नव्हे, अश्रूंमधल्या क्षारांमुळे घट्ट होते; म्हणून बाटलीत घट्ट होईल या भीतीने फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. प्रत्येक वेळी बंद बाटली उलटी करून एकदा हलवा, मग एकच थेंब. दुसरे ड्रॉप्स असतील तर ते निदान १० मिनिटे आधी घालावेत. थोडा वेळ धूसर दिसेल. तेवढ्या वेळात वडिलांना जिना उतरू देऊ नका.