मुळं आली, मग वेल का वाढत नाही?

प्रश्न : ताई, चार महिन्यांपूर्वी मैत्रिणीने मनीप्लांटची सहा पानं देठासकट खुडून दिली. काचेच्या बरणीत पाणी घालून मी ती खिडकीत ठेवली. दोन कुजली, उरलेल्या चौघांना वीतभर मुळं आली, पण नवं पान एकही नाही. त्यातलं एक मातीत लावलं, तर आठवड्यात त्याने मान टाकली. पाण्यात खत घालू का? आणि पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान असंच पाण्यात लावता येईल का?

उत्तर : खत घालू नका. तुमच्या बरणीत खताची कमतरता नाही, डोळ्याची आहे.

मनीप्लांटची वेल हातात घेऊन तिच्यावरून बोट फिरवा. गुळगुळीत कांडं संपतं तिथे एक फुगीर कडं लागतं. ते पेर. पान तिथूनच निघतं, हवेत वाढणाऱ्या मुळाचा तपकिरी, खरबरीत खुंटही तिथेच असतो. आणि देठाच्या बगलेत, नीट पाहिलं तरच दिसेल असा, एक बारीक उंचवटा असतो. तो डोळा. नवी फांदी फुटणार ती याच डोळ्यातून. नुसत्या देठाला मुळं फुटू शकतात, पण मनीप्लांटच्या देठात डोळा नसतो. त्यामुळे तुमची पानं जिवंत आहेत, पाणी पितायत, कदाचित आणखी कितीतरी महिने हिरवी राहतील, पण त्यांतून वेल निघणार नाही. चार महिने वाट बघितल्यावर हे ऐकायला वाईट वाटेल, पण आणखी चार महिने वाया जाऊ नयेत म्हणून स्पष्ट सांगते.

मैत्रिणीकडून आता पानं नको, वेलीचा तुकडा मागा. दोन-तीन पेरांचा पुरे. खालच्या पेराच्या बोटभर खाली, स्वच्छ धारदार कात्रीने कापा. बोथट कात्रीने खोड चेचतं आणि सड तिथूनच सुरू होते. खालच्या पेरावरचं पान काढून टाका, पेर पाण्यात आणि पानं सगळी पाण्याबाहेर. तुमची दोन पानं कशाने कुजली ते बरणी न बघता ठाम सांगता येणार नाही, पण पान पाण्यात बुडालेलं असणं आणि पाणी न बदलणं हीच कारणं बहुतेक वेळा निघतात.

पाणी बदलायचं ते नुसतं स्वच्छ दिसावं म्हणून नव्हे. मुळांना श्वास घ्यायला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. साचलेल्या पाण्यात तो कमी होत जातो, आणि पाणी जितकं कोमट तितका तो मुळातच कमी. म्हणून उन्हाळ्यात मी तीन-चार दिवसांनी पाणी बदलते, एरवी आठवड्याने. त्याहून जास्त दिवस ठेवू नका, कारण उबदार हवेत डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी बदलताना खोडाचं टोक चिमटीत धरून बघा. बुळबुळीत लागलं, तर घट्ट भागापर्यंत कापून पुन्हा लावा, मात्र पेर शाबूत राहायला हवं. बरणीला हिरवं शेवाळ धरत असेल तर बाहेरून जाड कागद गुंडाळा. उजेड पानांना हवा, मुळांना नाही.

आता मातीत लावलेल्या पानाबद्दल. पाण्यात वाढलेलं मूळ पाण्यालाच सरावलेलं असतं. मातीच्या कणांतून ओल ओढून घेणारे बारीक केस त्याच्यावर फारसे नसतात. ते मातीत गेल्यावर नवी मुळं फुटेपर्यंत झाड तहानलेलंच राहतं. मूळ जितकं लांब आणि जुनं, तितकी ही अडचण मोठी. शिवाय वीतभर मुळं लावताना तुटतातच. माझा अनुभव असा, की मुळं दोन-अडीच इंच झाली आणि त्यांना बाजूने धागे फुटायला लागले की लगेच लावावं. मनीप्लांटला इथवर यायला साधारण महिना लागतो, थंडीत जास्त. कुंडी लहान घ्या, माती भुसभुशीत. पहिले दोन आठवडे ती सतत ओलसर ठेवा, चिखल मात्र नको. थेट ऊन लागू देऊ नका. त्यानंतर पाणी हळूहळू कमी करत नेहमीच्या मापावर या.

स्नेक प्लांटचं पान पाण्यात जरूर लागतं, आणि तिथे वेगळा डोळा लागत नाही, पानाच्या तुकड्यातूनच नवा कोंब येतो. दोन गोष्टी मात्र सांभाळा. पानाचे तुकडे केलेत तर कुठली बाजू खालची, ते लगेच खूण करून ठेवा. उलटा लावलेला तुकडा मूळ धरत नाही. मी एकदा खूण न करता आठ तुकडे एकाच बरणीत उभे केले होते, त्यातले तीन शेवटपर्यंत तसेच राहून सडले. दुसरं, पिवळा काठ. पानापासून केलेलं रोप साधं हिरवं येतं, काठ येत नाही. तो हवाच असेल तर कुंडी उपडी करून, मातीतल्या आडव्या कंदाचा कोंबासकट तुकडा वेगळा करून लावा. पानच लावणार असाल तर मुळांसाठीच दोन महिने धरा, कोंब त्याच्याही नंतर.

मनीप्लांटची उरलेली तीन पानं टाकू नका, बरणीत छान दिसतात. नवीन तुकडा मात्र वेगळ्या बरणीत ठेवा. पेरावरचा डोळा फुगला की त्यातून सुईसारखी घट्ट गुंडाळलेली हिरवी सुरळी वर येते. ती हाताने उलगडायला जाऊ नका, कोवळं पान फाटतं. ते आपलं आपण उघडतं.