आधी हात, मग पेन

प्रिय पोरी,

बाळ दुसऱ्या दिवशी ठणठणीत घरी आलं, हे तू मेसेजच्या अगदी शेवटी लिहिलंस. मी असते तर तेच सगळ्यात आधी लिहिलं असतं. पाच दिवसांचं लेकरू, श्वास जोरात चालला होता म्हणून तू उपकेंद्रातून तालुक्याच्या रुग्णालयात पाठवलंस. तिथे डॉक्टर म्हणाले, "काही नाही याला, कायले पाठवलं?" ऐन कापूस वेचणीत बापाची मजुरी बुडाली, सोबत गेलेल्या काकूचीही बुडाली. मग आजीने उपकेंद्राच्या दारात येऊन तुला चार शब्द सुनावले. आणि आता तू मला विचारतेस, "सिस्टर, माझं चुकलं का? पुढच्या वेळी पाठवू की नको?"

पाठवायचं. पुढच्या वेळी पाठवायचं, त्याच्या पुढच्या वेळीही पाठवायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, थोडं थांबून पुन्हा मोजलं तरी ६० किंवा जास्तच, म्हणजे बाळ पाठवायचं. तू ६८ मोजलेस, नंतर ६४ मोजलेस. विषय संपला. या वयात जंतुसंसर्ग झाला तर लेकरू सहसा खोकत नाही, पुष्कळदा तापतही नाही. म्हणून ६० ची रेघ अशी आखलेली आहे की तिच्यात काही धडधाकट बाळंही सापडतील, पण आजारी बाळ सहसा निसटू नये. परत आलेलं धडधाकट बाळ ही तुझी हार कशी झाली?

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. आधी हात, मग पेन. बाळाला हात लावल्याशिवाय, आईला हात लावल्याशिवाय कागदावर एक अक्षर उमटवायचं नाही. तू हात लावलास, पूर्ण मिनिट मोजलंस. तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर दारातूनच "बाळ बरं आहे ना?" विचारून रजिस्टरमध्ये टिक मारून मोकळी झाली असती. अशा टिका मी खूप पाहिल्या आहेत. एकाच शाईच्या, एकाच हाताच्या, एका बैठकीत मारलेल्या.

पूर्ण मिनिट का, हे तुला शिकवलं असेल, तरी पुन्हा सांगते. नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. भराभर घेतं, मग पाच-सात सेकंद थांबतं, मग पुन्हा सुरू. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलंस तर कधी ४४ येतील आणि कधी ७०. म्हणून बाळ आईच्या मांडीवर शांत असताना झबलं वर करायचं, पोटावर नजर ठेवायची आणि घड्याळाचा काटा पूर्ण एक फेरा मारेपर्यंत कुणी हाक मारली तरी मान वर करायची नाही. रडत असेल, दूध पीत असेल तर थांबायचं. नोंदी भरायचं पोर्टल थांबेल. कॉम्प्युटरवाला थांबेल. साहेबांचा फोनही एक मिनिट थांबेल.

आता रागवते, कारण रागवायलाच हवं. तू पाठवलेला चिठ्ठीचा फोटो मी मोठा करून पाहिला. त्यावर काय आहे? बाळाच्या आईचं नाव, गाव, आणि "पुढील उपचारासाठी रेफर". बस्स! अगं, तुझे ६८ आणि ६४ कुठे गेले? किती वाजता मोजलेस? ताप किती होता, वजन किती, जन्माचं वजन किती, शेवटचं दूध कधी प्यायलं, काही औषध दिलंस का? तालुक्याच्या डॉक्टरांच्या पुढे बाळ आलं ते दोन तासांनी. तोवर श्वास खाली आला असेल. त्यांना त्या चिठ्ठीवरून काय कळणार होतं? "कायले पाठवलं" या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे होतं आणि तू ते स्वतःच्या डोक्यात ठेवून घरी गेलीस. आधी हात, मग पेन, यात पेनही आहे. हाताने जे पाहिलं ते पेनाने तसंच्या तसं उतरलं पाहिजे, आकड्यासकट, वेळेसकट. "बाळ सिरियस" असं लिहायचं नाही, "श्वास ६८" असं लिहायचं. त्या आकड्यापुढे कुणालाही हसता येत नाही.

आणि बाळ नेलं कसं, ते तू लिहिलंच नाहीस. डिसेंबरातली संध्याकाळ, आपल्याकडचा वारा, १०२ ची गाडी. दुपट्यात गुंडाळून काकूच्या हातात दिलं असेल, तर पुढच्या वेळी तसं करू नकोस. आईच्या छातीवर, उघड्या अंगाला उघडं अंग, डोक्यात टोपरं, पायात मोजे, लंगोट, वरून आईचा पदर आणि शाल घट्ट. निघण्याआधी आईचं दूध पाजून घ्यायचं, तेवढी ताकद नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने. ही कांगारू पद्धत आपल्याकडे अनेकांना गरिबाघरचा जुगाड वाटते. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून ती सुरू झाली हे खरं, पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं छातीवर ठेवलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. त्या अभ्यासात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. इथे ऊब हेच औषध आहे, आणि ते आईच्या अंगावरच मिळतं.

थर्मामीटरची बॅटरी संपली म्हणून ताप बघितला नाही, असंही मला ऐकायला आवडत नाही. हाताची मागची बाजू आधी पोटाला, मग तळपायाला लाव. पोट गरम आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार, तर धावपळ करायची वेळ आली. थर्मामीटर आला की काखेत लावून खात्री कर, ३६.५ ते ३७.५ अंश हवं. पण थर्मामीटर यायची वाट बघत बाळ उघडं ठेवू नकोस.

हात लावायच्या आधी कान लावायचा असतो, तो आईच्या तोंडाकडे. "सिस्टर, कालपासून थानाले लागत नाही," असं बाई म्हणाली की हातातलं सगळं खाली ठेव. आणि आजी कौतुकाने म्हणाली, "मोठं गुणाचं लेकरू आहे, रातभर उठलंच नाही," तर त्याहून आधी ठेव. पाच दिवसांचं बाळ रात्रभर दुधासाठी उठलं नाही, हा गुण नाही. तळपायाला टिचकी मार, उठतं का बघ, करंगळी तोंडात देऊन बघ कसं ओढतं. अशी "गुणाची" लेकरं मी आयुष्यभर पाहिली. त्यातली सगळी वाचली नाहीत.

तुझ्या सोबतच्या मुली म्हणतात, आपण डॉक्टर थोडीच आहोत. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना बाळ बघायला शिकवलं. श्वास मोजायचा, वजन करायचं, ऊब द्यायची, संसर्ग वाटला तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. ज्यांना मोजताच येत नव्हतं अशा सुईणींसाठी मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधन त्यांनी बनवलं. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आपली आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते, ती पद्धत देशभर २०११ मध्ये आली, तिचं मूळ तिथलं आहे. त्या बायकांकडे कुठली डिग्री होती? हात होता आणि पूर्ण मिनिट मोजण्याची चिकाटी होती. तू तर नर्सिंग शिकून आली आहेस.

बाळाविषयीच बोलत बसले, आईला विसरू नकोस. बाळ झालं की घरचे सगळे बाळाभोवती जमतात आणि बाळंतीण भिंतीकडे तोंड करून एकटी पडलेली असते. बाळ झाल्यावर मिनिटाच्या आत रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन १० युनिट दिलं म्हणजे काम झालं, असं नाही. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवायचा. गर्भाशय कवठासारखं टणक लागलं पाहिजे. मऊ लागलं की चोळायचं, चादर उचलून पॅड बघायचं आणि लगेच डॉक्टरांना बोलवायचं. चादरीवरून बघून "रक्तस्राव नॉर्मल" लिहिणारी सिस्टर मला आवडत नाही, ती कितीही गोड बोलली तरी.

या दोन तासांपायी मला एकदा कारणे दाखवा नोटीस आली होती. तालुक्याला महिन्याची आढावा बैठक होती आणि माझ्या हाताखाली एक कोलाम आदिवासी बाई होती, नुकतीच बाळंत झालेली. गर्भाशय चोळलं की आवळायचं, हात काढला की पुन्हा सैल. गाडी दुसऱ्या केसला गेलेली. दोनदा निरोप आला, मी उठले नाही. डॉक्टर आले, सलाईनमधून औषध सुरू झालं, दुपारपर्यंत पोट टणक राहिलं, तेव्हा मी हात काढला. बाई वाचली. आठवड्याने नोटीस हातात पडली, "बैठकीस विनापरवानगी अनुपस्थित". घरचे म्हणाले, दोन ओळींची माफी लिहून दे, मिटव. मी लिहून दिली. त्या दोन ओळींची हळहळ मला अजून आहे. बैठक चुकली याची कधीच नव्हती, तेव्हाही नाही. मी बरोबर होते आणि माझ्याच हाताने मी कागदावर उलटं लिहिलं. लिहायला हवं होतं, की अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत माझा हात बाळंतिणीच्या पोटावर होता, दर पंधरा मिनिटांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. नोंदी माझ्याकडे होत्या, अगं! त्या जोडल्या असत्या तर साहेबांना काय लिहिता आलं असतं? मला हेकट म्हणणारे तेव्हाही होते, निवृत्तीनंतरही आहेत. म्हणोत. ती बाई पुढे बाळाला घेऊन डोस पाजायला येत राहिली, एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे.

म्हणून तुला आजीच्या दोन शब्दांचं इतकं वाईट वाटावं, हे मला पटत नाही. तिचा राग मजुरीचा आहे. तिच्या घरी जा. चौदाव्या दिवशी आशाताई जाईलच, तिच्यासोबत तूही जा, बाळाचं वजन कर आणि आजीला काटा दाखव. "माझ्यामुळे तुमचा दिवस बुडाला" असं म्हणायला हरकत नाही. "पुन्हा पाठवणार नाही" असं मात्र म्हणू नकोस.

नागपूरच्या खासगी रुग्णालयाचं विचारलंस. पगार जास्त आहे, लहान भावाची फी आहे, मी समजू शकते. जायचं तर जा, मी अडवणार नाही. तिथे प्रत्येक बाळाला मॉनिटर असेल, पडद्यावर आकडे येतील. सेन्सर पायावरून सरकला की आकडाही सरकतो, आणि पडदा बघून चार्ट भरायची सवय तिथे दोन आठवड्यांत लागते. तू लावून घेऊ नकोस. आधी पायाला हात, मग चार्ट.

निर्णय काहीही घे, पण या महिन्यात दोन कामं उरक. उपकेंद्राचा वजनकाटा रिकामा असताना शून्यावर येतो का ते बघ, माहीत असलेलं वजन टाकून तपास, आणि चुकत असेल तर लेखी कळव, पोच घे. आणि रेफर चिठ्ठीचा नमुना स्वतः आखून घे: वेळ, श्वास, ताप, वजन, दूध, दिलेलं औषध, सही. वीस प्रती काढून आणि पुढे फोन करायचा नंबर प्रत्येकीवर लिहून ठेव. पहिली भरलेली चिठ्ठी मला पाठव, मी बघते.

तुझी,
सिस्टर