ॲपल पायचा तळ ओला राहतो, त्यात ओव्हनचा दोष नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की सफरचंदाच्या पायचा (मैद्याच्या दोन पाऱ्यांत फळ भरून ओव्हनमध्ये भाजतात तो गोड पदार्थ) तळ कच्चट राहतो, पीठ पोळपाटाला चिकटतं, म्हणून आता मोठा ओव्हन घ्यायचा विचार आहे. घेऊ नका. मीही सोलापूरचीच, माझा पहिला पाय आम्ही चमच्याने खाल्ला होता.

खरी गोची अशी की आपला हात करंजीचा. करंजीला कडकडीत मोहन घालतो, इथे बरोबर उलटं. 250 ग्रॅम मैद्याला 150 ग्रॅम बटर, फ्रीजमधून थेट काढलेलं, किसणीवर किसून. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. बर्फाचं पाणी चार-पाच चमचे पुरतं. बटरचे कण अख्खे राहिले तरच ओव्हनमध्ये त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात, चिरोट्यात साटा करतो तेच काम. बटर साधारण 32 ते 35 अंशांना वितळतं आणि ऑक्टोबरच्या दुपारी आपलं स्वयंपाकघर तिथेच असतं. म्हणून मी पहाटे साडेपाचला पीठ भिजवते, तासभर फ्रीजमध्ये ठेवते आणि ऊन चढायच्या आत लाटून मोकळी होते. खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको. तूप वापरलंत तर नानकटाई होईल. वाईट लागत नाही, पण तो पाय नव्हे.

आता फळ. पाऊण किलो सफरचंद, फोडी करून साखर, लिंबू, दालचिनी नि चिमूटभर जायफळ लावून अर्धा तास चाळणीत ठेवा. लवंग एकच, जास्त झाली की दंतमंजन. खाली वाटीभर रस सुटतो. तळ भिजवतो तो हाच. तो आटवून पाकासारखा करा, चमचाभर कॉर्नफ्लोअरसोबत फोडींना चोळा. नुसतं लाल डिलिशस घेतलंत तर गाळ होतो, निम्मी हिरवी आंबट सफरचंदं मिळाली तर बघा. डाळिंब आपलं असलं तरी आत घालू नका, भाजून बिया नुसत्या दाताखाली येतात. वाढताना वरून पेरा.

तळाला मी कडक भाकरीचा चुरा मूठभर पसरते. ज्वारी उरलासुरला रस पिऊन टाकते, चवही खमंग.

ओव्हनमध्ये ट्रे आधीच तापत ठेवा, त्यावर पायचं भांडं, सगळ्यात खालच्या कप्प्यात. वरच्या पारीला चिरा द्या. 200 अंशांवर 20 मिनिटं, मग 180 वर 35 ते 40, चिरांतून रस बुडबुडेपर्यंत. भांडं ॲल्युमिनियमचं बरं, जाड चिनी मातीचं उशिरा तापतं.

आणि निदान तीन तास सुरी लावू नका. गरम कापलात तर मला पुन्हा हाच प्रश्न विचाराल.